जॉनी थंडर्सचा 'सो अलोन' ऐकायचा कसा? एका ऑर्केस्ट्रावाल्या गिटारिस्टचं लांबलचक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय २३, नागपूरचाच, चार वर्षांपासून पंक, म्हणजे फास्ट, रागीट रॉक, ऐकतो. जॉनी थंडर्सच्या 'सो अलोन'ची लय तारीफ ऐकली म्हणून तीनदा ऐकला. यात पंक कुठंय? गिटार बेसूर, आवाज रडका, अर्धी गाणी दुसऱ्यांची. तरी एक गाणं डोक्यातून जात नाही. माझंच काही चुकतंय का?"

भाऊ, वय २३ लिहिलंयस म्हणून सरळ तू म्हणतो, राग मानू नको. आधी माझं सांगतो म्हणजे कोण बोलतोय ते कळेल. मी काही समीक्षक वगैरे नाही. २२ वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली, गणपती, शारदा उत्सव, लग्न, हळद, कुणाच्या सासऱ्याची साठी, सगळं. आता गोकुळपेठेत मागच्या खोलीत पोरांना गिटार शिकवतो. हा अल्बम माझ्याकडे १९९८ च्या सुमारास आला, पुण्याला शिकायला गेलेल्या एका मित्राने सीडीवरून कॅसेट भरून आणली होती, वर बॉलपेनने फक्त 'जॉनी' लिहिलेलं. ती कॅसेट मी इतकी वाजवली की शेवटी तिचा आवाज पाण्यातून आल्यासारखा यायला लागला. तेव्हा जे सांगतोय ते वाजवणाऱ्याच्या बाजूने सांगतोय, आणि थोडं आंधळ्या प्रेमापोटी पण, हे धरून चाल.

तुझा खरा प्रॉब्लेम मला वेगळाच दिसतो. अल्बम आवडला नाही हा तुझा प्रॉब्लेमच नाहीये. नावडता अल्बम माणूस तीनदा ऐकत नाही, एकदा ऐकून सोडून देतो आणि मित्रांना सांगतो बकवास आहे. तुला तो आवडायला लागलाय, पण ज्या कारणांनी तुला गाणी आवडतात त्यातलं एकही कारण इथे लागू पडत नाही, त्यामुळे तू गोंधळलाय. हातात पंकची प्रश्नपत्रिका घेऊन बसलाय, स्पीडला दहापैकी किती, रागाला किती, स्वतःची गाणी किती, आणि मुलगा सगळ्यात नापास होतोय, आणि तरी वर्गातला तोच एक पोरगा लक्षात राहतोय.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या मला इथे बसून नाही सांगता येणार. कशावर ऐकतोस? वर्धा रोडवर गाडी चालवताना एका कानात इअरफोन कोंबून ऐकत असशील तर अर्धा अल्बम तुझ्यापर्यंत पोचलाच नाही, यात मागे बरंच काही चाललेलं असतं, बायकांचे आवाज, सॅक्सोफोन, दुसरी गिटार, ते सगळं मोबाईलच्या स्पीकरवर एकाच गोळ्यासारखं ऐकू येतं. दुसरं, तू कुठून आलास? रामोन्स या न्यूयॉर्कच्या पंक बँडकडून आला असशील तर एक धक्का बसेल, नंतरच्या फास्ट अमेरिकन पंककडून आला असशील तर मोठा धक्का बसेल. न्यूयॉर्क डॉल्स, म्हणजे जॉनीचा आधीचा बँड, ऐकून आला असशील तर प्रश्नच पडला नसता. आणि तिसरं, गिटार वाजवतोस का? वाजवत असशील तर 'बेसूर' या शब्दावर आपल्याला जरा बसून बोलावं लागेल, ते खाली बोलतोच.

आधी माणूस. जन्म १९५२, न्यूयॉर्कचा क्वीन्स भाग, खरं नाव जॉन जेन्झाली. डॉल्सचा पहिला अल्बम १९७३, दुसरा १९७४. मग डॉल्स फुटला, १९७५ ला हार्टब्रेकर्स नावाचा बँड काढला, १९७६ च्या डिसेंबरात लंडनच्या सेक्स पिस्टल्स या पंक बँडच्या त्या बदनाम टूरवर इंग्लंडला गेले, तिथले बरेच शो रद्द झाले, हे लोक तिथेच राहिले. १९७७ ला हार्टब्रेकर्सचा 'एल.ए.एम.एफ.' आला, गाणी जबरदस्त पण मिक्सिंग इतकं चिखल झालेलं की त्यावरून ड्रमर जेरी नोलन बँड सोडून गेला. आणि १९७८ ला लंडनमध्ये हा 'सो अलोन'. म्हणजे हा करताना तो २५-२६ चा होता, तुझ्यापेक्षा फार मोठा नाही.

हे वर्षांचं कोष्टक मी पाठ असल्याचं दाखवायला नाही दिलं. यातून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर निघतं. १९७३ ला लंडनच्या पंकवाल्या पोरांचं अजून कुठे नाव नव्हतं, ते डॉल्सकडे बघून शिकले. पिस्टल्सच्या स्टीव्ह जोन्सची ती पांढरी लेस पॉल गिटार पाहिली असशील, ती आधी डॉल्सच्या सिल्व्हेन सिल्व्हेनची होती, पिस्टल्सचा मॅनेजर मॅल्कम मॅक्लॅरेनने न्यूयॉर्कहून आणलेली. गिटारसुद्धा तिकडूनच आलेली! तेव्हा जॉनीच्या अल्बममध्ये पंक शोधणं म्हणजे आजोबांचा फोटो बघून म्हणणं की यांचं नाक नातवासारखं काऊन नाही बे.

आता मुख्य गोष्ट. माझं असं मत आहे, आणि हे मी पोरांना पण सांगतो, की बँड म्हणजे माणसाचं घर आणि सोलो अल्बम म्हणजे त्याचं आजोळ. घरी सगळ्यांचं ऐकावं लागतं, भांडणं असतात, कोण पुढे बसणार ते ठरलेलं असतं. आजोळी गेला की माणूस लहान होतो. तिथे कुणी त्याला 'पंकचा बाप' म्हणत नाही, तिथे तो फक्त लहानपणी रेडिओला कान लावून बसणारा पोरगा असतो. 'सो अलोन' हे जॉनीचं आजोळ आहे. आणि म्हणून 'अर्धी गाणी दुसऱ्यांची' ही तुझी तक्रार मला तक्रारच वाटत नाही (अर्धी नाहीत तसंही, मूळच्या दहा गाण्यांत परकी तीनच, बाकी काही त्याच्याच जुन्या बँडची आहेत). ती परकी गाणी नीट बघितली की हा माणूस कशाचा बनला ते कळतं.

पहिलंच गाणं घे, 'पाइपलाइन'. विचार कर, पंकवाल्याचा पहिला सोलो अल्बम, नाव त्याचं, सगळे टपून बसलेत हा आता काय बोलतो म्हणून, आणि हा पहिल्या गाण्यात तोंडच उघडत नाही! शब्दच नाहीत. 'पाइपलाइन' ही शॅन्टेज नावाच्या कॅलिफोर्नियातल्या शाळकरी पोरांच्या बँडची धून, १९६३ ला हिट झालेली, समुद्रावर फळीवर उभं राहून लाटा कापणाऱ्यांचं संगीत. त्या मूळ धुनीत सुरुवातीला जाड तारेवर पिक पटापट मारत हात वरून खाली घसरत येतो ना, गिटारच्या मानेवरून कुणी घरंगळत आल्यासारखा, ते नागपुरात आमच्या पिढीतल्या प्रत्येक गिटारवाल्याने कधी ना कधी मारलंय, धून कुणाची हे माहीत नसताना. मूळ वाजवणं नीटनेटकं, गार पाण्यासारखं. जॉनी तेच घेतो आणि अँप फोडल्यासारखं वाजवतो. सूर तेच, चाल तीच, पण तिथे समुद्र होता आणि इथे ट्रकचा ब्रेक लागतोय. मी पोरांना दोन्ही लागोपाठ ऐकवतो आणि काहीच सांगत नाही. ज्याला फरक कळायचा त्याला कळतो, आणि ज्याला नाही कळत तो पुढच्या महिन्यात फिंगरस्टाइल शिकायला दुसरीकडे जातो, चालायचंच.

मग 'ग्रेट बिग किस'. हे शांग्रिलाज या न्यूयॉर्कच्याच, क्वीन्सच्याच पोरींच्या ग्रुपचं, १९६४ चं. यातली साखळी मला फार आवडते. डॉल्सच्या पहिल्या अल्बममध्ये चुंबनाचं एक गाणं आहे, त्याची बोलून केलेली सुरुवात सरळ शांग्रिलाजच्या याच गाण्यातून उचललीय. शांग्रिलाजचं हे गाणं लिहिलं जॉर्ज 'शॅडो' मॉर्टनने, आणि डॉल्सने १९७४ ला दुसऱ्या अल्बमसाठी प्रोड्यूसर घेतला तो हाच मॉर्टन. आणि १९७८ ला जॉनी एकटा झाला तर पुन्हा तेच गाणं, या वेळी पॅटी पॅलाडिन या गायिकेसोबत, मध्ये मध्ये गप्पा मारत. म्हणजे हा माणूस पाच वर्षं एकाच घराच्या दारासमोरून चकरा मारतोय. मुलींच्या ग्रुपचं गाणं मुलगा गातोय यात १९७८ ला एक खोडी होतीच, पण चेष्टा नाहीये, नीट ऐक, तो त्या पोरींची नक्कल करत नाही, त्याला खरंच ते गाणं आपलं वाटतं. चेष्टा आणि खोडी यातला फरक आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मारबतीच्या मिरवणुकीतला बडग्या, म्हणजे तो टोमणे मारणारा पुतळा, बघितलेल्या माणसाला वेगळा सांगायला नको.

तिसरं 'डॅडी रोलिन स्टोन', ओटिस ब्लॅकवेलचं १९५३ चं. ब्लॅकवेल म्हणजे ज्याने प्रेस्लीला 'डोन्ट बी क्रुएल' आणि 'ऑल शूक अप' दिलं तो. यात जॉनी, थिन लिझीचा फिल लिनॉट आणि स्मॉल फेसेसचा स्टीव्ह मॅरियट असे तिघं आळीपाळीने गातात. आता खरं सांगतो, गायक म्हणून मॅरियट आला की बाकीचे दोघं बाजूला उभे असल्यासारखे वाटतात, तो आवाजच तसला होता. मी ऑर्केस्ट्रात असे गायक पाहिलेत जे आपल्यापेक्षा चांगला गाणारा स्टेजवर आला की साउंडवाल्याला डोळ्याने खूण करतात, याचा माइक उतरव. (एकदा तर एका लीडरने माझ्या गिटारची वायरच काढून घेतली होती कारण टाळ्या चुकून मला पडल्या, नाव नाही घेत, आता म्हातारे झालेत.) आणि इथे हा माणूस स्वतःच्या नावाच्या रेकॉर्डवर आपल्याला झाकोळून टाकणारा गायक बोलावतो आणि ठेवतो. ही गोष्ट मला त्याच्या कुठल्याही सोलोपेक्षा मोठी वाटते.

आणि नुसते तेच नाहीत. या अल्बमवर ओन्ली वन्स या बँडचा पीटर पेरेट आहे, क्रिसी हाइंड आहे, तिच्या प्रिटेंडर्स या बँडचा पहिला अल्बम तेव्हा यायचा होता, हार्टब्रेकर्सचेच वॉल्टर ल्यूर आणि बिली राथ आहेत, पिस्टल्सचे दोघं आहेत. जॉनीच्या जोडीला प्रोड्यूसर होता स्टीव्ह लिलीव्हाइट, ज्याने नंतर यू-टूचा पहिला अल्बम केला. आणि एवढी जत्रा भरवून अल्बमचं नाव काय, तर 'सो अलोन'. मला वाटायचं हे नाव देताना तो हसला असेल. आता वाटतं नसेल हसला.

यात आणखी एक गंमत. माझ्या कॅसेटवर 'सो अलोन' नावाचं गाणं होतं, मला कितीतरी वर्षं वाटायचं हे अल्बमचं मुख्य गाणं. मग कळलं की १९७८ च्या मूळ रेकॉर्डवर ते नव्हतंच, १९९२ च्या सीडीवर चार जादा गाणी टाकली त्यात ते आलं. म्हणजे नाव ठेवलं आणि नावाचं गाणंच गाळलं. तू मोबाईलवर ऐकत असशील तर तुझ्याकडे बहुतेक तीच लांब यादी असेल. माझं म्हणणं, पहिली दहाच ऐक, 'डाउनटाउन'ला थांब. ती जादाची नंतर वेगळ्या दिवशी.

'लंडन बॉइज' विषयी दोन शब्द, कारण तुला पंक पाहिजे आणि ते इथे आहे. पिस्टल्सने १९७७ च्या अल्बमात 'न्यूयॉर्क' नावाचं गाणं केलं, डॉल्सवाल्यांना टोमणे मारणारं. त्याला हे जॉनीचं उत्तर. आता उत्तर द्यायचं तर वाजवायला कुणाला घ्यावं? त्याने पिस्टल्सचेच दोघं घेतले, गिटारवर स्टीव्ह जोन्स आणि ड्रमवर पॉल कुक! म्हणजे शेजाऱ्याला शिव्या द्यायला त्याचेच दोन भाऊ सोबत नेले, आणि ते पण खुशीने गेले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत जसं ज्याच्यावर बोलायचं तोच गर्दीत उभा राहून हसतो तसं काहीसं. हे माहीत झाल्यावर ते गाणं ऐक, तुझा राग-बिगचा हिशेब बरोबर बसेल.

इथपर्यंतचं एका दमात: पंक शोधू नको कारण हा पंकच्या आधीचा माणूस आहे, आणि दुसऱ्यांची गाणी ही उधारी समजू नको, ते त्याचं आजोळ आहे. राहिली तिसरी तक्रार, बेसूर. हीच सगळ्यात मोठी आहे.

जॉनीची ओळखीची गिटार म्हणजे गिब्सनची पिवळट लेस पॉल ज्युनिअर. हा गिब्सनने शिकाऊ पोरांसाठी काढलेला स्वस्तातला प्रकार, तारांचा आवाज पकडणारा एकच पी-९० पिकअप, एक आवाजाचं बटन, एक टोनचं, संपलं. लपायला जागा नाही त्यात. हात जे करेल ते जसंच्या तसं बाहेर येतं, हात कापला तर कापलेलं ऐकू येतं. आता तो वाजवतो कसं, तर तार ओढतो, म्हणजे आपण बेंड मारणं म्हणतो ते, पण जिथे पोचायचं त्या सुरावर तो वेळेवर पोचत नाही. उशिरा पोचतो. कधी कधी एक केस खालीच थांबतो आणि तिथेच थरथरत राहतो. तुझा कान म्हणतो बेसूर. माझा कान पण पहिल्यांदा तेच म्हणाला होता, कारण ऑर्केस्ट्रात आम्हाला एकच शिकवलेलं, मूळ गाण्यात जसं आहे तसं, सुईसारखं.

मग मी एक केलं, तू पण कर, गिटार असेल तर. तिसरी तार, सातवा फ्रेट, एक पूर्ण सूर वर ओढ. एकदा झटक्यात ओढून सुरावर बरोब्बर थांब. दुसऱ्यांदा तीच तार हळू ओढ, अर्ध्या रस्त्यात जरा रेंगाळ, आणि सूर लागायच्या एक क्षण आधी सोडून दे. पहिल्यात तू एक सूर ऐकवला. दुसऱ्यात तू म्हणाला की मला तिथे जायचं होतं. एवढाच फरक आहे. जॉनीचं सगळं वाजवणं या दुसऱ्या प्रकारचं आहे, आणि त्याचं गाणं पण. म्हणून मी म्हणतो आवाज रडका आणि गिटार बेसूर या तुझ्या दोन तक्रारी नाहीतच, एकच आहे. तो गातो तसंच वाजवतो. बहुतेक रॉक गिटारिस्टचा हात हुशार असतो आणि गळा बिचारा मागून येतो, याचे दोन्ही एकाच आईची लेकरं.

आणि हे आपल्याला नवीन नाहीये रे. तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर म्हणणारी गावाकडची म्हातारी माणसं ऐकलीस का कधी? माझे आजोबा म्हणायचे. आवाज फाटलेला, वरचा सूर लागतच नसे, मान उंच करून त्याच्याकडे बघत बघत खालूनच म्हणायचे, आणि समोर बसलेली पन्नास माणसं तो न लागलेला सूर आपल्या मनात लावून घ्यायची. कुणी म्हटलं नाही की बुवा बेसूर आहेत. दीक्षाभूमीवर दसऱ्याच्या वेळी भोंग्यातून येणारी गाणी ऐक, रात्रभर गाऊन बसलेला आवाज असतो, त्या बसलेल्या आवाजातच जोर असतो. आपण ते समजून घेतो, आणि इंग्रजी गाणं आलं की मात्र ट्यूनर काढून बसतो.

पण मी त्याची वकिली सरसकट नाही करणार. काही ठिकाणी खरंच तार उतरलेली आहे. आणि त्याच्या नंतरच्या लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये तर असं असं वाजवलंय की ऐकवत नाही, त्याला मी पण बेसूरच म्हणतो, तिथे सूर गाठायचाच नव्हता त्याला, उभं राहणंच जमत नव्हतं. 'सो अलोन'ची गंमत ही की इथे तो पडायच्या बेतात आहे पण पडत नाही, आजूबाजूच्यांनी धरलाय म्हण.

आता 'यू कान्ट पुट युअर आर्म्स अराउंड अ मेमरी'. आठवणीला मिठी नाही मारता येत, एवढाच अर्थ. हे वाक्य त्याचं स्वतःचं पण नाही, पन्नासच्या दशकात अमेरिकेत टीव्हीवर 'द हनिमूनर्स' नावाची विनोदी मालिका लागायची, त्यातलं आहे. बघ, पुन्हा आजोळ. लहानपणी टीव्हीसमोर बसून हसत ऐकलेलं वाक्य पोराने उचललं आणि त्याचं हे गाणं केलं. गन्स एन रोझेसने १९९३ ला हे केलं, आणि चांगलं केलं, आवाज डफ मकेगनचा, पण तिथे मला सारखं वाटतं की एक तगडा माणूस दुःखाबद्दल सांगतोय. जॉनीच्या गाण्यात सांगणं नाहीये.

माझ्याकडे एक मुलगी शिकायला यायची, इंजिनिअरिंगची, हात फार स्वच्छ तिचा. तिने हे गाणं बसवून आणलं. प्रत्येक कॉर्ड साफ, सूर चोख, ताल मेट्रोनोमसारखा, आणि गाणं पार मेलेलं. मला सांगता येईना काय चुकलं, कारण चुकलं काहीच नव्हतं. पुढच्या खेपेला मे महिना, दुपारी चारची बॅच, लाइट गेली. पंखा बंद, अँप बंद, खिडकी उघडली तर बाहेरून भट्टीसारखी झळ, शेजारी कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. मी म्हटलं असंच म्हण, अँपशिवाय. ती घामाने निथळत, वैतागलेली, लवकर संपवून घरी जायचं म्हणून म्हणायला लागली. घामाने बोटं घसरत होती, एका कॉर्डचा अर्धाच आवाज आला, आणि ध्रुवपदाला आवाज चिरकला. ती थांबली, म्हणाली सॉरी सर. मी म्हटलं थांबू नको बाई, आत्ता कुठे सुरू झालंय. पुन्हा नाही जमलं तिला तसं, लाइट आल्यावर पुन्हा सुईसारखं. मला पण नेहमी नाही जमत.

तू म्हणशील मग चुकलं की झालं का? नाही ना. चुकायला आधी यावं लागतं. या माणसाने डॉल्समध्ये, हार्टब्रेकर्समध्ये शेकडो रात्री वाजवलंय. 'लीव्ह मी अलोन' ऐक, ते डॉल्सच्या दुसऱ्या अल्बममधलं 'चॅटरबॉक्स' आहे, नवे कपडे घालून आलेलं. 'सबवे ट्रेन' डॉल्सच्या पहिल्यातलं. दोन्ही जुनी-नवी शेजारी ठेवून ऐकली की कळेल, ताल त्याच्या हातात पक्का बसलेला आहे, तो कुठेही गळपटत नाही. सूर सोडतो, ताल सोडत नाही. ऑर्केस्ट्रातली जुनी माणसं म्हणायची की सूर गेला तर गायकाची बेइज्जती, ताल गेला तर सगळ्यांची.

'आस्क मी नो क्वेश्चन्स' मला कधीच फार नाही आवडलं. 'अनटचेबल' सॅक्सोफोनसाठी ऐक, रात्री, दिवे बंद करून, बस.

एक गोष्ट टाळता येत नाही म्हणून लिहितो. तो हेरॉइनवर होता, हे सगळ्या जगाला माहीत, गाण्यांत पण आहे. १९९१ ला न्यू ऑर्लिन्समध्ये गेला, ३८ वर्षांचा. माझ्याकडे एक पोरगा होता, त्याला जॉनीचं वाजवणं नाही, जॉनीचं वाया जाणं आवडायचं. तसे फोटो काढायचा, तसे केस, तसं डुलत उभं राहायचा. मी त्याला म्हटलं, बाबू, हा अल्बम नशेमुळे चांगला नाहीये, नशा असूनही चांगला आहे, आणि तो पुढे असे फारसे करू शकला नाही त्याचं कारण पण तेच. १९८३ चा अकूस्टिक 'हर्ट मी' आहे, १९८८ चा पॅटी पॅलाडिनसोबतचा 'कॉपी कॅट्स' आहे, दोन्ही मला आवडतात, पण असा सगळ्यांना एका छताखाली आणलेला, धड प्रोड्यूस केलेला अल्बम हा एकच. पोराला पटलं की नाही माहीत नाही, यायचा बंद झाला.

तर आता तू काय कर. दोन-तीन दिवस 'सो अलोन' बंद ठेव. शॅन्टेजची 'पाइपलाइन', शांग्रिलाजचं ते गाणं आणि ब्लॅकवेलचं मूळ 'डॅडी रोलिन स्टोन' ही तीन ऐक, दहा मिनिटं पण नाही लागत. मग डॉल्सचा पहिला अल्बम एकदा. मग रात्री घरचे झोपल्यावर हेडफोन लावून, बरा हेडफोन, मित्राचा माग पाहिजे तर, पहिली दहा गाणी क्रमाने, मध्ये न थांबता. व्हॉट्सअॅप बंद. मग नाही आवडला तर सोडून दे बिनधास्त, कुणाचं बंधन थोडीच आहे, माझ्या बायकोला २५ वर्षांत नाही आवडला, ती म्हणते हा माणूस आजारी वाटतो, दवाखान्यात न्या त्याला. तिचंही बरोबरच आहे तसं.

आणि हो, एवढा मोठा प्रश्न लिहिला पण डोक्यातून जात नाही ते गाणं कोणतं ते लिहिलंच नाहीस. सगळे 'मेमरी'च म्हणतील, पण तू रडका आवाज म्हणून तक्रार केली त्यावरून मला वाटतं ते नसावं. माझा अंदाज 'लीव्ह मी अलोन'. संध्याकाळच्या बॅचच्या पोरांशी तर्री पोह्यांची पैज लागलीय, सात प्लेट आहेत, लवकर कळव.